मत्स्यबीज देण्याआधी



कामशेतजवळच्या कातकरी वस्तीसाठी मत्स्यबीज देऊ का, असे काही वाचकांनी विचारले आहे. त्याआधी इंद्रायणीची हकिकत ऐकावी.

वस्तीतल्या मुलांच्या गळाला मी पाहते ती बहुधा चिलापीच. हा आफ्रिकेतला मासा 1952 मध्ये भारतात आणला गेला. मादी अंडी तोंडात जपते, वर्षातून अनेकदा विते. मग मरळ, वांब या इथल्या माशांना खाद्य आणि जागा अपुरी पडते. चिलापीने पोट भरते, हेही खरेच.

त्यात जलपर्णी. ती दक्षिण अमेरिकेतली, पण पोसतो आपण! लोणावळ्यापासून नदीत येणाऱ्या मैलापाण्यावर ती दोन आठवड्यांत दुप्पट होऊ शकते. तिच्याखाली ऊन पोहोचत नाही, पाण्यातला प्राणवायू घटतो, पाग टाकायलाही जागा उरत नाही. मैलापाणी थांबल्याशिवाय नुसती उपसून भागणार नाही.

आपला मासाही परक्या नदीत भारी पडतो. लोणावळ्यात टाटांच्या केंद्रात वाढवलेल्या महसीरची पिल्ले चांगल्या हेतूनेच कावेरीत सोडली गेली. तिथला मूळचा कुबड्या महसीर मागे पडला. 2018 मध्ये तो अतिसंकटग्रस्त ठरला. धरणे, वाळूउपसा हीही कारणे होतीच.

म्हणून देणगी जरूर द्या, पण चिलापी नको. आफ्रिकी मांगूरच्या पालनाला तर देशात बंदीच आहे. कोणते बीज घ्यावे आणि पावसाळ्यात तळे फुटून ते नदीला मिळेल का, हे आधी वस्तीतल्या मासे धरणाऱ्यांनाच विचारणार आहोत.