दाराशी दबा धरून बसलेले पाप

शास्त्रपाठ : उत्पत्ती ४:१-१६, रोम ७:१४-२५



जुन्नर-आंबेगावच्या माणसाला बिबट्याविषयी वेगळे सांगावे लागत नाही. उसाच्या फडात तो दिसत नाही, पण असतो. म्हणून आपण रात्री पाणी धरायला एकटे जात नाही, हातात बॅटरी ठेवतो, मोठ्याने बोलत चालतो. हा भित्रेपणा नव्हे, शहाणपण आहे.

उत्पत्तीच्या पुस्तकात देव काइनाला असेच चित्र दाखवतो. पाप जनावरासारखे तुझ्या दाराशी दबा धरून बसले आहे, पण त्याच्यावर ताबा मिळवणे तुझ्या हाती आहे, असा त्या इशाऱ्याचा आशय आहे. हा इशारा खुनाच्या आधीचा आहे, हे महत्त्वाचे. तेव्हा काइनाच्या मनात फक्त हेवा आणि राग होता. तो मागे फिरू शकत होता. पण त्याने देवाला उत्तरही दिले नाही. काइन शेतकरी होता, आणि भावाचा जीव त्याने शेतातच घेतला. बांधावरून किंवा पाण्याच्या पाळीवरून सख्ख्या भावांचे बोलणे तुटते, तेव्हा ही कथा आपल्याच शिवारात येते.

मनात राग येणे हे पाप नव्हे. त्याला घरात घेऊन पोसणे हे पाप आहे. मग ताबा कसा मिळवावा?

संत इग्नेशियस लोयोला हे १५२१ साली पांप्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने जखमी झाले. अंथरुणावर पडून असताना त्यांना एक गोष्ट जाणवली. मानसन्मानाचे विचार गोड वाटत, पण नंतर मन कोरडे पडे. संतांच्या मार्गाने जाण्याचे विचार मात्र मागे शांती ठेवून जात. यातूनच विचारांची पारख करण्याची त्यांची शिकवण तयार झाली. सैतान सेनापतीप्रमाणे किल्ल्याची कच्ची बाजू शोधून तेथेच हल्ला करतो, असेही ते सांगतात. शिवनेरीच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना हे सहज पटेल.

त्यांनी शिकवलेले आत्मपरीक्षण रोज रात्री दहा मिनिटांत करता येते :

१. दिवसभरातील कृपादानांबद्दल देवाचे आभार माना.
२. पवित्र आत्म्याकडे प्रकाश मागा.
३. सकाळपासूनचा दिवस आठवा. राग, हेवा, लोभ कोठे दबा धरून होता? कोणाच्या बोलण्याने तो उठला?
४. चुकीबद्दल क्षमा मागा.
५. उद्यासाठी एकच ठोस निश्चय करा.

हीच आपली बॅटरी. आणि सोबत हवी म्हणून प्रायश्चित्त संस्कार आहे. मनातली गोष्ट लपून राहावी अशीच सैतानाची इच्छा असते. धर्मगुरूंपुढे ती उघड केली की त्याचे बळ सरते.

केवळ स्वतःच्या जोरावर हे जमत नाही, हे संत पौलालाही कबूल करावे लागले. आपले बळ ख्रिस्तप्रसादात आहे.

या आठवड्यासाठी : ज्याच्याशी बोलणे बंद आहे, त्याचे नाव घेऊन रोज एक ‘हे आमच्या बापा’ म्हणा. पुढच्या रविवारी मिस्साला येण्यापूर्वी त्याच्या दारापर्यंत जाऊन या.