वीजतारेवांचून घर आणि सरकारचें साहाय्य

थळच्या किनाऱ्यावरून खांदेरी पाहणाऱ्या आमच्या वाचकांस 3 जून 2020 चा दिवस सांगावयास नको. त्या दिवशीं निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यास लागलें, विजेचे खांब मोडले, आणि जिल्ह्यांतील कित्येक गांवें पुष्कळ दिवस अंधारांत राहिलीं. तेव्हांपासून कोणी कोणी आम्हांस म्हणतात, "पाळकसाहेब, तारेचा भरंवसा नको. वाडींत घर बांधूं, छपरावर सूर्याचे तक्ते बसवूं. पैसा सरकार देतेंच." हें शेवटलें वाक्य तपासल्यावांचून कोणीं कर्ज काढूं नये, म्हणून हा पाठ.

सरकार देतें, हें खरें. 2024 सालीं सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेंत पहिल्या दोन किलोवॅटांस प्रत्येकीं 30,000 रुपये व तिसऱ्यास 18,000, मिळून 78,000 रुपये मिळतात. संच याहून मोठा असला तरी रक्कम तितकीच. एका किलोवॅटापासून दिवसास सुमारें चार युनिट वीज होते. लहान कुटुंबास ती पुरे.

परंतु हें कोणास? ज्याच्या घरीं वीजमंडळाची जोडणी आहे त्यासच. मीटर नाहीं, तर अनुदान नाहीं. शिवाय संच बसून, तपासणी होऊन, मगच पैसा बँकेच्या खात्यांत येतो. तोंपर्यंत सर्व रक्कम घरधन्यानें उभी करावयाची. बँकेचें कर्ज मिळतें, तरी घाईंत सावकाराचा उंबरठा चढणारे आम्हीं पाहिले आहेत.

आणखी एक गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. तारेस जोडलेला साधा संच, तारेंतील वीज गेली कीं, भर उन्हांतही आपोआप बंद पडतो. तसें न झालें तर छपरावरील वीज तुटलेल्या तारेंत शिरून खांबावर काम करणाऱ्या मनुष्याचा प्राण घेईल. म्हणजे ज्या वादळाच्या भीतीनें खर्च केला, त्याच वादळांत घर अंधारें! उजेड हवा तर बॅटरी व तिला साजेसा इन्व्हर्टर पाहिजे. बॅटरीकरितां ह्या योजनेंत वेगळी रक्कम नाहीं.

मग तारेवांचून राहणारास कधींच कांहीं मिळालें नाहीं काय? मिळालें. 2017 च्या सौभाग्य योजनेंत, जेथें तार पोंचणें कठीण अशा दूरच्या घरांस 200 ते 300 वॅटांचा संच बॅटरीसह देत असत. त्यांत पांच दिवे व एक पंखा असे. ती योजना मार्च 2022 मध्यें संपली. आणि तीही नाइलाजानें अंधारांत असलेल्यांकरितां होती, खांब जवळ असतां आपण होऊन दूर राहणारांकरितां नव्हे.

म्हणून थळच्या आसपास घर बांधणारानें आधीं मीटर घ्यावा, एक-दोन किलोवॅटांचा संच बसवावा, आणि दोन दिवे व एक पंखा चालेल इतकी लहान बॅटरी स्वतःच्या बचतींतून घ्यावी. संचाची मागणी देण्यापूर्वींच बॅटरीविषयीं सांगावें, कारण साध्या इन्व्हर्टरास ती मागाहून सहसा जोडतां येत नाहीं. बसविणाऱ्याचें नांव योजनेच्या यादींत आहे कीं नाहीं, हें उपदेशकांनीं आपल्या मंडळींतील निरक्षर बांधवांस वाचून दाखवावें. अर्जावर अंगठा त्यानंतर.