रोमच्या पाण्याचा जमाखर्च

‘अर्ध्या इंचाचा नळ’ हा शब्द तुम्ही घरी ऐकला असेलच. त्यावरून नळ किती जाड आहे ते कळते. पाणी किती मिळेल ते मात्र कळत नाही. प्राचीन रोम शहराचा सारा पाणीव्यवहार अशाच जाडीच्या मापावर चालत असे.

इ. स. ९७ मध्ये फ्रॉन्टिनस नावाच्या अधिकाऱ्याची रोमच्या पाणीपुरवठ्यावर नेमणूक झाली. त्या वेळी नऊ कालव्यांतून शहरात पाणी येई. ते केवळ उतारामुळे वाहत येऊन टाक्यांत पडे व तेथून शिशाच्या नळांनी सार्वजनिक हौद, स्नानगृहे आणि थोड्या श्रीमंत घरांत जाई. बहुमजली इमारतींत दाटीने राहणारे सामान्य लोक हौदावर घडे भरून जिने चढत. घरात नळ हवा असेल तर सम्राटाची परवानगी लागे, आणि घर विकले की ती रद्द होई.

ही परवानगी ‘क्विनारिया’ या मापात मिळे. क्विनारिया म्हणजे सव्वा अंगुळ, सुमारे २३ मिलिमीटर, व्यासाच्या नळातून येईल तेवढे पाणी. टाकीच्या भिंतीत त्या मापाची, शिक्का मारलेली काशाची आखूड नळी बसवीत. शिसे मऊ, ठोकून रुंद करता येते. कांसे तसे दाद देत नाही.

फ्रॉन्टिनसने दप्तर तपासले. जमा १२,७५५ क्विनारिया आणि खर्च १४,०१८! आलेल्या पाण्यापेक्षा वाटलेले पाणी १,२६३ने जास्त कसे? त्याने स्वतः उगमाशी जाऊन मोजणी केली, तेव्हा येणारे पाणी नोंदीपेक्षा सुमारे १०,००० क्विनारिया अधिक भरले. म्हणजे बरेच पाणी वाटेतच गडप होत होते. पाणीखात्यात ७०० गुलाम राबत. नळांना गुपचूप भोके पाडून पाणी विकणारे त्यांच्यातही होते. काही ठिकाणी नळी बिनशिक्क्याची, तर काही ठिकाणी ती मुद्दाम खालच्या पातळीवर बसवलेली.

या शेवटच्या युक्तीत खरे पदार्थविज्ञान आहे. दर सेकंदाला मिळणारे पाणी म्हणजे छिद्राचे क्षेत्रफळ गुणिले पाण्याचा वेग. क्विनारियात वेगाचा हिशेबच नव्हता! छिद्र पाण्याच्या पृष्ठभागाखाली h खोलीवर असेल, तर वेग √(२gh) असतो. हा नियम टॉरिसेलीने सतराव्या शतकात मांडला. नळी १० सेंटिमीटर खोल असेल तर वेग सेकंदाला सुमारे १.४ मीटर, ४० सेंटिमीटरवर तो दुप्पट. शिक्का तोच, जाडी तीच, पाणी मात्र दुप्पट! आणि ते कमी पडे वरच्या नळ्यांना. खालची नळी जास्त ओढते हे फ्रॉन्टिनसला ठाऊक होते, म्हणून सर्व नळ्या एका पातळीत बसवा असे तो बजावतो. पण वेग मोजण्याचे साधन त्याच्यापाशी नव्हते. त्यामुळे त्याच्या हिशेबातील किती पाणी चोरांनी नेले आणि किती चूक मापाची होती, हे आज सांगता येत नाही.

सिनेटचा आणखी एक नियम होता : टाकीपासून ५० फुटांपर्यंत क्विनारियाहून रुंद नळ जोडायचा नाही. लांब, अरुंद नळात घर्षण अधिक, म्हणून पाणी कमी. छोट्या नळीला लगेच रुंद नळ जोडला, की ती अडचण दूर होते. सूत्र माहीत नसताना हा नियम करणाऱ्यांचे मला नेहमी कौतुक वाटते.

आता हे करून पाहा. तेलाचा रिकामा उंच डबा घ्या. पाण्याची पातळी कोठे ठेवायची तेथे खूण करा. खुणेखाली ५ आणि २० सेंटिमीटरवर एकाच खिळ्याने दोन भोके मोठ्या माणसाकडून पाडून घ्या. एका वेळी एकच भोक उघडे ठेवा व पेला भरायला लागणारा वेळ मोजा. खालच्या भोकाला सुमारे निम्मा वेळ लागायला हवा. पाणी खुणेवर टिकवण्यासाठी मित्राला वरून सतत ओतत राहायला सांगा, नाहीतर उत्तर चुकेल.