कूपन कापा, खिसा नको!

आधीच सांगून टाकते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. 'एकोणऐंशी' म्हणजे 79 की 89, हे कळायला मला अजूनही दोन सेकंद लागतात. तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. विषय मात्र पोटाचाच आहे: किराणा!

त्याचं असं झालं. गेल्या मे महिन्यात परीक्षा संपवून मी दोंडाईच्याला घरी गेले, तर आईचा उजवा हात प्लास्टरमध्ये! पेपर चालू असताना मला टेन्शन नको म्हणून कुणी कळवलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी आईने किराण्याची पिशवी आणि 6,000 रुपये माझ्या हातात ठेवले. "दोन महिने घर तू सांभाळ. दर महिन्याला एवढ्यातच बसवायचं." बाबांचा पगार ठरलेला, त्यात आईच्या दवाखान्याचा खर्च. म्हणजे चुकायला जागाच नव्हती.

मी म्हटलं, त्यात काय एवढं? आपण थर्ड इयरचे इंजिनिअर! फोनमध्ये पेमेंट ॲपची स्क्रॅच कार्डं होती, मैत्रिणींनी पाठवलेले ऑनलाइन कोड होते, पाकिटांवरची कूपनं होती. सगळी गोळा केली आणि सुटले. 23 तारखेला डब्यात 40 रुपये उरले, आणि तेल संपलेलं! शेवटी कोपऱ्यावरच्या किराणावाल्या काकांनी वहीत लिहून तेल दिलं आणि विचारलं, "आईचा हात कसा आहे आता?" मला वर बघवेना.

त्या रात्री सगळी बिलं मांडून बसले. गडबड कुठे झाली ते शोधलं. तेच तुम्हाला सांगते, म्हणजे तुमची 23 तारीख चुकेल.

कूपन देतात तरी का?

हा प्रकार जुना आहे. अमेरिकेत 1880 च्या दशकाच्या शेवटी कोका-कोलाने एक ग्लास फुकट देणारी तिकिटं वाटली होती. चव लागली की माणूस पुढचा ग्लास पैसे देऊन घेणार, हा त्यामागचा हिशोब. दुसरं कारण असं की, कूपन जपून ठेवण्याची खटपट सगळे करत नाहीत. जो करतो त्याला कमी भावात माल, जो करत नाही त्याच्याकडून पूर्ण भाव. दोन्ही गिऱ्हाइकं कंपनीचीच! म्हणजे कूपन ही कुणाची मेहेरबानी नाही, तो धंदा आहे. आपणही तसंच हिशोबाने वागायचं.

पायरी 1: आधी यादी, मग कूपन

माझी पहिली चूक इथेच झाली. एका ठिकाणी '999 च्या खरेदीवर 100 रुपये सूट' होती. माझी यादी झाली होती 760 रुपयांची. मग मी 239 रुपयांची चॉकलेटं, नूडल्स आणि एक रूम फ्रेशनर घेतला. बिल 899. मी खूश! पण 760 मध्ये काम भागत होतं ना? 100 वाचवायला मी 139 जास्त घालवले. आमची आजी अहिराणीत एवढंच म्हणाली, "जे लागत नही, ते फुकट बी महागच शे."

म्हणून घरातले डबे उघडून काय संपलंय ते बघा आणि यादी लिहा. यादीतल्या वस्तूचं कूपन मिळालं तरच वापरा. कूपन बघून यादी करायची नाही.

पायरी 2: प्रत्येक कूपनवर चार गोष्टी वाचा

शेवटची तारीख, कमीत कमी किती खरेदी हवी, जास्तीत जास्त किती सूट, आणि घरपोच आणायचे पैसे. '50 टक्क्यांपर्यंत' यातला 'पर्यंत' हा शब्द नेहमी बारीक अक्षरात असतो, तो शोधा. 40 रुपयांची सूट आणि 45 रुपये डिलिव्हरी, असंही मी एकदा करून बसलेय.

पायरी 3: टक्केवारी तपासा

'दोनवर एक फ्री' म्हणजे 50 टक्के नाही, साधारण 33 टक्के सूट. '20 टक्के आणि वर 10 टक्के' म्हणजे 30 नाही. 100 चे 80 झाले, 80 चे 72. सूट 28 टक्के. आणि सूट कोणत्या किमतीवर आहे? एमआरपी म्हणजे सगळे कर धरून जास्तीत जास्त किंमत. त्याहून कमीत विकायला दुकानदाराला पूर्ण मोकळीक आहे. 'एमआरपीवर 10 टक्के सूट' बघून मी उड्या मारत होते, आणि आमचे काका तीच वस्तू आधीपासून 12 टक्के कमीने देत होते, न सांगता!

पायरी 4: युनिट लिहा, नाहीतर मार्क कापले जातील

नियमाने पाकीटबंद मालावर एमआरपीबरोबर एककाची किंमतही छापावी लागते. गंमत अशी की किलोच्या आतल्या पाकिटावर ती प्रति ग्रॅम असते आणि किलोच्या वरच्या पाकिटावर प्रति किलो. म्हणजे तुलना करताना 1000 ने गुणायचं किंवा भागायचं.

समजा 250 ग्रॅम चहा 140 रुपयांना आहे आणि 15 रुपयांचं कूपन आहे. 125 भागिले 250, म्हणजे ग्रॅमला 50 पैसे. शेजारी एक किलोचं पाकीट कूपनशिवाय 480 ला आहे. म्हणजे ग्रॅमला 48 पैसे. कूपन हरलं! पण महिन्याला पाव किलोच चहा लागत असेल तर किलोभर घेऊन वास उडवू नका. उलट शाम्पूची छोटी पुडी कित्येकदा मोठ्या बाटलीपेक्षा मिलिलिटरमागे स्वस्त पडते. तेव्हा मोठं म्हणजे स्वस्त, असंही समजू नका. भागाकार करा.

पायरी 5: एक वही, एक पाकीट

कागदी कूपनं तारखेप्रमाणे एका पाकिटात ठेवा, जवळची तारीख वर. फोनवरच्या कोडचा स्क्रीनशॉट काढा. वहीत तीन रकाने करा: वस्तू, नेहमीची किंमत, दिलेली किंमत. नेहमीची म्हणजे तुमचा दुकानदार रोज ज्या भावाने देतो ती, छापलेली नव्हे.

आणि एक धोक्याची सूचना

पैसे किंवा बक्षीस घ्यायला यूपीआय पिन कधीही लागत नाही. पिन लागतो तो पैसे द्यायला. 'कूपन लागलंय, क्यूआर स्कॅन करून पिन टाका' असा फोन आला तर ठेवून द्या. फसलात तर ताबडतोब 1930 ला फोन करा. दुकानाने एमआरपीपेक्षा जास्त घेतले तर ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे.

होस्टेलवाल्यांसाठी आणखी एक आयडिया. मुंबई ग्राहक पंचायत 1975 पासून काम करतेय. शेजारपाजारच्या घरांचे गट करायचे, महिन्याची यादी एकत्र द्यायची, माल घाऊक आणून वाटून घ्यायचा. आपल्या चार रूमनी साबण, पावडर आणि पोहे असे एकत्र घेतले तर काय हरकत आहे? कूपनची वाट बघायचं कामच नाही.

आता निकाल. जूनमध्ये मी हे सगळं पाळलं. काकांची उधारी आधी फेडली आणि महिनाअखेर 410 रुपये उरले. वहीत बघितलं तर त्यातले कूपनचे फक्त 165. बाकीचे 245 यादीमुळे आणि भागाकारामुळे! शिवाय 23 तारखेला वहीत लिहून तेल देणारं कूपन अजून कुठल्याही ॲपवर निघालेलं नाही. म्हणून रोजचा किराणा मी काकांकडूनच घेते.

प्लास्टर काढून आलेल्या आईने वही चाळली. काही बोलली नाही, फक्त पिशवी परत मागितली. मी म्हटलं, "राहू दे, सुट्टी संपेपर्यंत मीच आणते."

तर मग, या महिन्यापासून सुरुवात करताय ना? पण आधी यादी हं!