विमान आणि रणगाडा

आपल्या बडोद्याचे नाव एके काळी युरोपच्या आकाशात वावरत होते, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश वायुदलाच्या १२४ क्रमांकाच्या स्पिटफायर पथकास 'बडोदा' हे नाव होते. १९४५ साली त्याने हॉलंडमधील जर्मन अग्निबाणांच्या तळांवर बॉम्ब टाकले. असे वृत्तांत वाचले, की विमानापुढे जमिनीवरील कशाचाच निभाव लागत नसावा असे वाटू लागते. रणगाड्यांविषयी हे कितपत खरे आहे?

ऑगस्ट १९४४ मध्ये फ्रान्समधील मोर्तें येथे जर्मन रणगाड्यांवर ब्रिटिश टायफून व अमेरिकन थंडरबोल्ट विमाने तुटून पडली. शंभराहून अधिक रणगाडे नष्ट केल्याचे वैमानिकांनी कळविले. पुढे संशोधकांनी रणभूमीवर जाऊन एकेक सांगाडा तपासला, तेव्हा विमानांनी फोडलेले रणगाडे दहाही भरले नाहीत! वैमानिक खोटे बोलले, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. वेगाने सूर मारणाऱ्या विमानातून रणगाडा केवढासा दिसणार? अग्निबाण नेमका लागत नसे. धूर व धूळ उसळली, की मारा लागला असे वाटे, आणि एकच रणगाडा दोघेतिघे मोजीत. तरीही हल्ला वाया गेला नाही. कित्येक जर्मन सैनिक धडधाकट रणगाडे टाकून पळाले.

आता राजस्थानातील लोंगेवाला पाहा. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री पाकिस्तानचे चाळिसांहून अधिक रणगाडे या ठाण्यावर चालून आले. हंटर विमानांना रात्री हल्ला करता येत नव्हता. म्हणून मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या सुमारे १२० जवानांनी पहाटेपर्यंत ठाणे झुंजविले. उजाडताच जैसलमेरहून हंटर आली. ना झाड, ना ओढा. शत्रूच्या डोक्यावर त्याचे एकही विमान नाही. कित्येक रणगाडे वाळूत रुतलेले. विमानांच्या ३० मिलिमीटर तोफांनी रणगाड्यांची वरची पातळ पत्रे आणि इंधनाची पिंपे गाठली. जीव वाचविण्यासाठी रणगाडे वाळूत गोल गोल फिरले. त्या चाकोऱ्या छायाचित्रांत आजही पाहावयास मिळतात. तिसांहून अधिक रणगाडे निकामी झाले वा टाकून दिले गेले.

पण १ सप्टेंबर १९६५ रोजी छांब भागात, मावळत्या उजेडात, आपली चार व्हँपायर विमाने पडली आणि काही मारा आपल्याच सैन्यावर झाला. तेथे शत्रूची सेबर विमाने हजर होती आणि आपले-परके ओळखणे कठीण होते.

नकाशावर युद्धाचा खेळ मांडणाऱ्या मुलांनी म्हणूनच एक करावे. विमान आले, फासा पडला, रणगाडा उचलला, हा नियम सोपा खरा, पण मोर्तेंचे सांगाडे त्याच्या विरुद्ध साक्ष देतात. त्याऐवजी आधी विचारावे: उजेड आहे काय? रणगाड्याला आडोसा आहे काय? आकाश कोणाचे आहे? मग फासा टाकावा. आणि नेम चुकला तरी रणगाड्याची एक चाल थांबवावी. मोर्तें आणि लोंगेवाला या दोन्ही लढाया अशा नियमांनी मांडून पाहाव्यात.