बालीगंजची विद्यार्थिनी

बालीगंज हा कोलकात्याच्या दक्षिण भागातील परिसर. आज तेथे कलकत्ता विद्यापीठाचे विज्ञान महाविद्यालय आहे. या बालीगंजमध्येच १८७६ साली बंग महिला विद्यालय सुरू झाले. त्या विद्यालयाची एक विद्यार्थिनी म्हणजे कादंबिनी बसू.

त्या काळी मुलींना विद्यापीठाची दारे बंद होती. कलकत्ता विद्यापीठाने नियम बदलले आणि १८७८ साली कादंबिनी प्रवेश परीक्षा उत्तीर्ण झाल्या. पुढील शिक्षणासाठी बेथून विद्यालयात महाविद्यालयाचे वर्ग सुरू करण्यात आले. १८८३ साली कादंबिनी आणि चंद्रमुखी बसू या दोघी विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या.

पदवी हाती आली, तरी कादंबिनींचे ध्येय पुढेच होते. त्यांना वैद्यकशास्त्र शिकायचे होते. वैद्यकीय महाविद्यालयाने विरोध केला; परंतु ज्या विद्यार्थिनीने विद्यापीठाच्या सर्व परीक्षा दिल्या होत्या, तिला अपात्र कसे ठरवणार? अखेर सरकारने महाविद्यालयाचा विरोध बाजूला सारला.

योगायोग असा की, त्याच वर्षी, ७ एप्रिल १८८३ रोजी, आपल्या आनंदीबाई जोशी याच कोलकात्याच्या बंदरातून अमेरिकेला निघाल्या. एकीने परदेशाची वाट धरली, दुसरीने घराजवळचेच दार ठोठावले. १८८६ साली दोघींनीही वैद्यकीय शिक्षण पूर्ण केले. कादंबिनी एका विषयात अनुत्तीर्ण झाल्याने त्यांना विद्यापीठाची पदवी मिळाली नाही, महाविद्यालयाची पदविका मिळाली. त्या खचल्या नाहीत. संसार व मुलेबाळे सांभाळून त्या स्कॉटलंडला गेल्या आणि १८९३ साली तेथील वैद्यकीय अर्हता मिळवून परतल्या. ३ ऑक्टोबर १९२३ रोजी त्यांचे निधन झाले.

आज वैद्यकीय प्रवेशासाठी आधी पदवी लागत नाही. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र व इंग्रजी घेऊन बारावी उत्तीर्ण झालेल्यांना 'नीट' ही परीक्षा देता येते. मान्यताप्राप्त मुक्त विद्यालयाचे विद्यार्थीही तिला पात्र आहेत. २०२२ साली कमाल वयाची अटही काढण्यात आली. म्हणजे वय उलटले, शाळा सुटली, म्हणून वाट संपत नाही. दार उघडेल तेव्हा आपली तयारी झालेली असावी, हेच कादंबिनींचे जीवन सांगते.

स्वाध्याय
१. सरकारने महाविद्यालयाचा विरोध बाजूला सारला, त्यामागे कादंबिनींची कोणती तयारी होती?
२. आनंदीबाई व कादंबिनी यांच्या मार्गांतील साम्य आणि भेद लिहा.
३. तुमचे शिक्षण कोणत्या कारणाने थांबले व पुन्हा का सुरू केले, ते आठ ओळींत लिहा.