नाव कोणाचे, मेहनत कोणाची?

व्हिडिओ गेम म्हणजे पोरांचा वेळ घालवण्याचा मामला, व्यापाराच्या पानावर त्याचे काय काम, असे काही बांधव म्हणतील. पण 'फॉलआउट' या अमेरिकन खेळाची हकीकत दुसऱ्याच्या छापाखाली माल बनवणाऱ्या प्रत्येक कारागिराने समजून घ्यावी अशी आहे.

कॅलिफोर्नियातील इंटरप्ले कंपनीने 1988 साली अणुयुद्धानंतरच्या ओसाड जगावर 'वेस्टलँड' हा खेळ तयार केला. बाजारात तो आणला इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने, आणि नावाचा हक्कही त्यांच्याकडेच राहिला. पुढे तसाच खेळ पुन्हा काढायचा ठरला तेव्हा इंटरप्लेला स्वतःच्याच मालाचे नाव वापरता येईना.

1994 मध्ये टिम केन या प्रोग्रामरने सुरुवातीला एकट्यानेच नवे काम हाती घेतले. या खेळात आपण एका पात्राच्या जागी असतो. जमिनीखालच्या आश्रयस्थानातून बाहेर पडून पाण्याच्या यंत्राचा बिघडलेला भाग शोधून आणायचा. पात्राची ताकद, अक्कल, नशीब यांचा हिशेब ठेवायला नियम लागतात. असे तयार नियम 'गर्प्स' नावाने स्टीव्ह जॅक्सन गेम्सकडे होते. इंटरप्लेने परवाना घेतला आणि खेळ त्यांवर उभा केला. काम बरेच पुढे गेल्यावर नियमांच्या मालकाने सुरुवातीच्या दृश्यातील हिंसा व चित्रांची धाटणी नापसंत केली. 1997 च्या सुरुवातीला करार तुटला. बीम मागावर चढले, अर्धा तागा निघाला, आणि सूतवाला सूत परत मागतो, तशी गत!

केन आणि ख्रिस टेलर यांनी थोड्याच आठवड्यांत स्वतःचे नियम बसवले. सात गुण ठरवले, त्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून नाव पडले 'स्पेशल'. ऑक्टोबर 1997 मध्ये खेळ बाजारात आला. माझ्या मते करार तुटला तेच बरे झाले, नाहीतर पुढच्या प्रत्येक भागासाठी परक्याच्या दारात उभे राहावे लागले असते.

दुसरा भाग 1998 मध्येच आला. परंतु इंटरप्ले कर्जात बुडत गेली. 2004 मध्ये तिने तिसऱ्या भागाचा परवाना बेथेस्डा सॉफ्टवर्क्सला दिला, हमीची रक्कम 11 लाख 75 हजार डॉलर. 2007 मध्ये नावच विकले, 57 लाख 50 हजार डॉलरला. बेथेस्डाने 2015 मध्ये चौथा भाग काढला, त्याचा पहिल्याच दिवशी रवाना झालेला माल 75 कोटी डॉलरचा होता.

मीही एकेकाळी माझ्या लुंगीचे लेबल नोंदवले नव्हते. एका घाऊक पेढीने ते आपल्या नावावर करून घेतले, आणि माझाच माल मला दुसऱ्या लेबलने विकावा लागला. आपल्याकडे ट्रेडमार्कची नोंदणी 10 वर्षांची असते, मुदत संपताच नूतनीकरण करावे लागते. देवघेव लिहून ठेवण्याबद्दल तर सूरह बकराची 282 वी आयत आहे, कुरआनातील सर्वांत मोठी.

लिहिलेल्या शब्दांवरही भांडण होते, हेही खरे. नाव विकताना इंटरप्लेने इंटरनेटवर अनेकांनी मिळून खेळायच्या फॉलआउटचा परवाना स्वतःकडे ठेवला होता. त्यात फक्त नाव येते की पात्रे आणि कथाही, यावरून 2009 मध्ये कोर्टकचेरी झाली. 2012 मध्ये तडजोड झाली तेव्हा बेथेस्डाने 20 लाख डॉलर मोजले आणि तो उरलेला हक्कही आपल्याकडे घेतला.